डेझीचे चार फाउल

कुंदाताई, परवा मैदानावर तुझी शोकसभा झाली. सतरंज्या बास्केटबॉलच्या कोर्टावरच अंथरल्या होत्या, त्यामुळे तुझा फोटो नेमका फ्री थ्रोच्या रेघेजवळ आला. तू असतीस तर आधी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या असत्यास. कोर्टावर चपला घालून आलेला माणूस कलेक्टर असला तरी तू त्याला सोडत नव्हतीस. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तू मिळवलेले कप, सगळं नानाजींनी कागदावरून वाचून दाखवलं. नानाजी म्हणजे तुझ्यामाझ्या क्लबचे जन्मभराचे सेक्रेटरी, त्यामुळे त्यातलं निम्मं चुकलं तरी कोणी बोललं नाही.

मग कागदाची घडी घालून ते म्हणाले, "कुंदा मनानं बहुत मोठी होती. आता कोच म्हणून हातातली फायनल तिनं घालवली, हे काही लपलेलं नाही. पण माणूस आहे, चुकते." लोकांनी माना डोलावल्या. आपल्याबरोबर खेळलेल्या पोरी आता दोन-दोन मुलांच्या आया झाल्या आहेत, त्यांनीही डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होते. खात्याच्या संघाची कोच म्हणून माझं नाव मानानं पुकारलं गेलं, आणि मी उठून तुझ्या शिस्तीबद्दल, प्रेमळपणाबद्दल चार गोड वाक्यं बोलले. त्या फायनलबद्दल एक अक्षर काढलं नाही. खाली बसले आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. शेजारच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांना वाटलं दुःखानं होतंय.

दुःख आहेच गं. पण परवा मला दुःखापेक्षा लाज जास्त वाटत होती, आणि लाजेवर कोणी पाणी आणून देत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. त्या फायनलवरून तुझं-माझं भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि अर्धंच राहिलं. आता तू मधेच "चूप बस वं" म्हणणार नाहीस, तेव्हा पहिल्यांदाच माझं बोलणं शेवटपर्यंत जाईल. ह्याचा आनंद व्हायला हवा होता.

तू मला उचललंस ती इमामवाड्याजवळच्या शाळेच्या मैदानावरून. मी लंगडी खेळत होते आणि तू सायकलवर एक पाय टेकून बघत उभी होतीस, ताडमाड, वेणी पाठीवर आपटणारी, हुडकेश्वरहून शहरात येईपर्यंत धुळीनं माखलेली. खेळ संपल्यावर मला बोलावलंस आणि सरळ विचारलंस, मोठा चेंडू धरता येतो का. मी म्हटलं, धरून पाहिला नाही. तू म्हणालीस, मग उद्यापासून ये. एवढीच आपली ओळख. घरी आई विड्या वळत होती. हाफ पँट घालून खेळायचं म्हटल्यावर तिनं पानावरची नजरही वर केली नाही, म्हणाली बापाले विचार. बाबा तेव्हा गिरणीतून दम्यामुळे घरी बसलेले. ते म्हणाले, खेळू दे पोरीले, पण एक ध्यानात ठेव शालू, कोणाच्या मेहेरबानीवर काही घ्यायचं नाही. जे घ्यायचं ते आपल्या अंगच्या बळावर. आमच्या घरात भिंतीवरच्या फोटोखाली हे वाक्य रोज कोणीतरी कोणाला तरी सांगत असे. धर्म बदलून घेतलेली पहिली पिढी होती ती, तिच्या पाठीचा कणा नुकताच सरळ झाला होता.

तू हे कसं कोण जाणे, न सांगता ओळखलं होतंस. मला बूट नव्हते. तू बूट आणलेस आणि सांगितलंस, क्लबचे आहेत, खेळणं सोडशील तेव्हा परत करायचे. मी ते तळहाताच्या फोडासारखे जपले. क्लबकडे कधी कोणाचे बूट नव्हते, साधी हवा भरायची पिचकारीही नव्हती, हे मला फार पुढे कळलं. देणं तुला जमायचं, पण त्याला नेहमी खेळातलं काहीतरी कारण लावायचीस. घेणाऱ्याला मान वाकवावी लागू नये म्हणून.

आणि तुमच्या घरचा तो कप. हुडकेश्वरला तुमच्या ओसरीवर मी पहिल्यांदा आले तेव्हा तुझ्या आईनं मला कान तुटलेल्या कपात चहा दिला. तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. मला समजलं. तुला समजलं ते पुढच्या खेपेला. आईनं चहा ठेवला, तू माझ्यापुढचा कप उचललास, सगळा चहा पिऊन टाकलास, आणि तुझी पितळी वाटी माझ्यापुढे सरकवलीस. तुझ्या आईचा चेहरा उतरला, तरी तिनं पुढे तो कप काढला नाही. त्या दिवशी मला तुझ्याबद्दल जे वाटलं त्याला मी अजून नाव देऊ शकले नाही. कृतज्ञता होती, पण तिच्यात थोडी आगही होती. मला तुझी मैत्रीण व्हायचं होतं, तू वाचवलेलं माणूस नव्हे.

आता त्या फायनलकडे येते.

आपल्या क्लबाला कोच परवडत नव्हता. मुलांना होता, मुलींना नव्हता. म्हणून कॅप्टन तू, कोच तू, पिव्होटही तूच. बास्केटखाली उंचीनं उभं राहून चेंडू घ्यायचा, टाकायचा आणि त्याच वेळी उरलेल्या चौघींना ओरडून जागेवर ठेवायचं. तुझे नियम कडक होते. त्यातला एक आपल्या क्लबात सोडून मी कुठे पाहिला नाही. खेळायच्या आधी सगळ्यांच्या बांगड्या उतरायच्या, राखीव पोरींच्या सुद्धा, आणि त्या एका रुमालात बांधून ठेवायच्या. शेवटची शिट्टी होईपर्यंत कोणी रुमालाला हात लावायचा नाही. बाहेर बसलेलीला कोणत्याही क्षणी आत यावं लागतं, तुझं म्हणणं. जिनं बांगड्या भरल्या ती मनातून घरी गेली. तुझ्या आईला तुझे भुंडे हात खपत नसत, तरी तू हा नियम मोडला नाहीस.

त्या वर्षी शहरातल्या मुलींची फायनल तीन मॅचची होती, दोन जिंकेल त्याचा कप. समोर बर्डीकडचा संघ आणि त्यांची पिव्होट डेझी. तुझ्याहून चार बोटं उंच, हात लांब, स्वभावानं गोड पोरगी, पण चेंडू हातात आला की कोणाची नव्हे. आणि त्याच वर्षी एका सरकारी खात्याचे साहेब मुलींचा संघ उभा करायला नागपुरात आले होते. संघ म्हणजे नोकरी, पक्की. आपल्या क्लबातून एकच मुलगी घेणार, आणि ती तिसऱ्या मॅचनंतर ठरवणार, असं त्यांनी नानाजींना सांगून ठेवलं होतं. ती एक तूच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. तुझं वयही सरत आलं होतं, पुढच्या वर्षी ते तुला घेऊ शकले नसते. मी राखीव होते. माझं नाव कोणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्याही.

पहिली मॅच आपण सरळ हरलो. तू डेझीला अंगाला चिकटून धरलंस, त्यांच्या पोरी तुझ्या डोक्यावरून तिला चेंडू देत राहिल्या, आणि तिला अडवता अडवता तुझे पाच फाउल झाले नि तुला बाहेर जावं लागलं. कॅप्टन बाहेर, कोचही बाहेर, मग काय. आपण नुसत्या सैरावैरा धावत होतो.

दुसऱ्या दिवशी तू मला वावरात घेऊन गेलीस. तुरीच्या शेंगा सोलायच्या होत्या म्हणालीस, आणि सोललीस एक. बाकी वेळ बोरं खाऊन त्यांच्या बिया बांधावर मांडत बसलीस. पाच बिया आपल्या, पाच खडे त्यांचे. किती वेळा मांडलंस नि मोडलंस. मी म्हटलं, डेझीवर दोघी लावू. तू मान हलवलीस आणि विहिरीकडे बोट केलंस. "विहीर कशाले बुजवतं वं? मोटेचा दोर धर." मला आधी कळेना. मग तू खडे सरकवून दाखवलंस. डेझीला रोखायचंच नाही. तिच्यापर्यंत चेंडू नेणाऱ्या दोघींना मधल्या रेघेपासूनच सतावायचं, म्हणजे लांबून उंच पास पडणारच नाही, आणि तू डेझीच्या मागे नव्हे, पुढे उभं राहायचं. सतावायचं काम माझं. अंगानं चिपाड आणि पायात भिंगरी, अशी तू माझी ओळख करून द्यायचीस.

दुसरी मॅच आपण तशीच जिंकलो. डेझी बास्केटखाली हात वर करून उभीच राहिली, चेंडू तिच्यापर्यंत आलाच नाही. मॅच संपल्यावर त्यांच्या कोचनं येऊन तुझा हात हलवला. तेव्हा नानाजी सगळ्यांना सांगत फिरत होते की हा डाव आपल्याच डोक्यातला. तू हसलीस. मला वाटतं तुझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता. त्या सुखात मी होते, हे मला पुरे आहे.

तिसऱ्या मॅचला साहेब खुर्ची टाकून बाजूच्या रेघेजवळ बसले. समोरच्या संघाच्या कोचनं रात्रीतून उत्तर शोधलं होतं. डेझी बास्केटखाली थांबेचना, बाहेर फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत येऊन उभी राहिली. तू तिच्यामागे बाहेर आलीस की तुझ्या पाठीमागून त्यांच्या पोरी मोकळ्या शिरत. पहिल्या अर्ध्यात आपण मागे पडलो. मध्यंतरात तू एवढंच सांगितलंस, डेझीले बाहेर मोकळी सोडा, तिचा हात खाली चालते, लांबून नाही. मला बसवून तू एक उंच पोरगी घेतलीस. तो बदल बरोबर होता. डेझी लांबून टाकत राहिली आणि चेंडू रिंगला लागून तुझ्या हातात पडत राहिला. आपण गाठलं. त्यात डेझी चिडली, तुझ्या अंगावर दोनदा आली आणि तिचे चार फाउल झाले.

बास्केटबॉल न कळणाऱ्यालाही हे कळेल. पाचव्या फाउलला माणूस बाहेर. समोरची सगळ्यात मोठी खेळाडू बाहेर जायच्या एक फाउल अलीकडे उभी आहे, स्कोअर बरोबरीत आहे, आणि तुझ्याकडे तिच्यावर चाल करून जाणारी पिव्होट आहे. अशा वेळी एकच गोष्ट करायची असते. चेंडू पिव्होटला द्यायचा. डेझीनं धक्का देऊन अडवलं तर ती बाहेर, नाही अडवलं तर बास्केट. मैदानाभोवतीची सगळी माणसं ओरडत होती, कुंदाले दे, कुंदाले दे.

तू टाइम-आउट घेतलास. स्वतः बाहेर आलीस. आणि मला आत घातलंस.

कोणीतरी म्हणालं, ताई, डेझीचे चार झाले. तू म्हणालीस माहीत आहे, आता धावायचा खेळ करा, त्या थकल्या आहेत. मग माझ्या खांद्याला धरून कानाशी म्हणालीस, "इकडंतिकडं पाहू नको. चेंडू घे अन् पळ." मी पळाले. आजवर तशी कधी पळाले नव्हते आणि नंतरही नाही. दोनदा चेंडू हिसकावला, दोनदा एकटीच पुढे जाऊन बास्केट केली, एकदा फाउल घेऊन फ्री थ्रोही टाकला. साहेब खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. पण आपल्या बास्केटखाली आता डेझीला पुरेल असं कोणी नव्हतं. डेझी परत आत गेली आणि तिच्या पोरी तिला चेंडू देत राहिल्या. मी एक करायची, ती एक करायची. पोरी तुझ्याकडे बघून हात करत होत्या, ताई, ये. रेघेजवळ चेंडू आणायला गेले तेव्हा मीही पाहिलं. तू रुमाल सोडला होतास, आणि एकेक हिरवी बांगडी हातात चढवत होतीस. मॅच चालू होती.

एका बास्केटनं हरलो.

साहेबांनी मला बोलावलं. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, कागद कधी आणतेस म्हणाले. मी वळून तुझ्याकडे पाहिलं तर तू पोरींच्या बांगड्या वाटत होतीस आणि नानाजी तुझ्यावर गरजत होते. त्यांचं शेवटचं वाक्य सगळ्या मैदानानं ऐकलं. "बह्याड झाली का वं तू?"

मी नोकरीला लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी आईच्या हातची विड्यांची पाटी मी स्वतः उचलून शेजारणीला देऊन टाकली. बाबांच्या औषधाला खंड पडला नाही, भाऊ शिकला, आम्ही इमामवाड्यातून पक्क्या घरात आलो. बाबा शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, माह्या पोरीनं आपल्या बळावर मिळवलं, कोणाच्या शिफारशीनं नाही. मी शेजारी उभी राहून ऐकत असे. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पळाले तर मीच होते ना?

तुला क्लबानं पुढच्या वर्षी कोच केलं नाही. कळमेश्वरच्या शाळेत पी.टी. शिकवायला लागलीस, कधी वर्षभर, कधी सहा महिने, ज्या बाईची रजा असेल तिच्या जागी. भेटलीस की आपण भांडायचो. मी विचारायची, काहून बाहेर गेलीस? डेझीचे चार होते. तू म्हणायचीस, त्यांचे पाय गेले होते, मला वेग पाहिजे होता, तुम्ही पोट्ट्यांनी मागं येऊन अडवलं नाही त्याले मी काय करू. मी म्हणायची, मग परत का नाही आलीस? तू विषय बदलायचीस, तुझ्या वहिनीला चहा टाकायला सांगायचीस. एकदा मी रागानं स्पष्ट विचारलं, माझ्यावर दया केलीस का? तुझा चेहरा असा कडक झालेला मी कधी पाहिला नव्हता. "मी डाव पायला, शालू. तुले नाई पायलं."

त्या वाक्यानं मला किती बरं वाटलं ते तुला सांगितलं नाही. सायकलवरून घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते. तू आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केलीस ह्याचा मला आनंद झाला होता, कारण ती चूक असेल तर माझी नोकरी माझी होती.

मग मी कोच झाले. आणि कोच झाल्यावर एका स्पर्धेत माझ्यापुढे तोच प्रसंग आला. समोरची पिव्होट चार फाउलवर, स्कोअर बरोबरीत, आणि माझी उंच पोरगी आत. मी विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप वर गेला आणि मी ओरडले, चेंडू आत द्या. पुढच्याच खेपेला शिट्टी झाली, त्यांची पिव्होट बाहेर गेली, आम्ही जिंकलो. माझ्या पोरी मला उचलून नाचत होत्या आणि मला तुझा तो टाइम-आउट दिसत होता. जे मला, तुझ्या शिकवणीतल्या पोरीला, पापणी लवायच्या आत दिसलं, ते तुला दिसलं नसेल? बांधावर बोराच्या बिया मांडून समोरच्या कोचला घाम फोडणाऱ्या तुला? आणि स्वतःचा नियम मोडून बांगड्या भरल्यास त्या कशासाठी? पोरींनी हाक मारली तरी आत जायचा मोह होऊ नये, म्हणूनच ना? तुमच्या घरी वावर होतं, चार दाणे होते. आमच्या घरी दमेकरी बाप आणि विड्यांची पाटी होती. तू डाव पाहिलाच नव्हतास. तू फक्त मला पाहिलं होतंस.

त्या दिवसापासून मी तुला विचारणं बंद केलं. तुला वाटलं असेल, शालू मोठी झाली, जुनं उगाळत नाही. खरं म्हणजे मी घाबरले होते. विचारलं असतं आणि तू चुकून खरं बोलली असतीस, तर मला काहीतरी करावं लागलं असतं. नानाजींकडे जाऊन सांगावं लागलं असतं की ही बाई बह्याड नव्हती, वेडी नव्हती. बाबांना सांगावं लागलं असतं की तुमच्या पोरीचं बळ खरं, पण ते दाखवायला मैदान कोणीतरी रिकामं करून दिलं. तेवढी माझी छाती नव्हती. मला कोणाच्या मेहेरबानीचं खायचं नव्हतं, म्हणून मी मेहेरबानी खाऊन तिचं नाव 'चूक' ठेवलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. चार वर्षांपूर्वी नानाजी माझ्याकडे आले. क्लबाच्या मुलींना पुन्हा कोच हवा होता, थोडं मानधनही मिळणार होतं. ते म्हणाले, कुंदाचं नाव काही लोक घेऊन राहिले, पण तिनं ती फायनल अशी घालवली, तू तिच्या हाताखाली खेळली, तुले काय वाटते? माझ्या एका वाक्यावर होतं सगळं. मी म्हटलं, तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हीच ठरवा. त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी ठेवलं. तुला कोच ठेवलं असतं तर तू पोरींना पुन्हा बिया मांडून शिकवलं असतंस, आणि कधीतरी कोणीतरी हुशार पोरगी उठून म्हणाली असती, बाई, मग तुम्ही त्या दिवशी असं का केलं? मला ती पोरगी नको होती. हे मी आज कागदावर लिहू शकते, कारण तुझे डोळे समोर नाहीत.

तू मात्र मला दरवर्षी तुरीच्या शेंगा पाठवत राहिलीस, भावाच्या हाती, फडक्यात बांधून. त्यात कधी राग नव्हता. तेच तर मला सहन होत नव्हतं.

कावीळ झाल्याचं वहिनीनं कळवलं तेव्हा मी दवाखान्यात आले. तू खाटेवर मावत नव्हतीस, पाय बाहेर आले होते, डोळे हळदीसारखे झाले होते. वहिनी औषध आणायला गेली. थोडा वेळ आपण उगाच इकडचं तिकडचं बोललो. माझ्या संघाबद्दल विचारलंस, कोणती पोरगी कशी खेळते ते ऐकलंस, एकीचं कोपर चेंडू टाकताना बाहेर जातं म्हटल्यावर भिंतीला लागून उभं राहून टाकायला लाव म्हणालीस. मग छताकडे बघत, एखादी साधी चौकशी करावी तसं विचारलंस.

"शालू, आता तू मोठी कोच आहेस. खरं सांग. त्या मॅचले मी चुकली होती का वं?"

मला वाटलं, मरणाच्या दारात हिला दुखवू नये. मला वाटलं, इतकी वर्षं जे झाकलं ते झाकलेलंच बरं. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "नाही ताई. डाव बरोबर होता तुझा." तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मग "बरं," म्हणालीस आणि डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

बसस्टॉपवर उभी असताना माझ्या लक्षात आलं आणि मी परत फिरले. पण वहिनी बाहेरच भेटली, म्हणाली, आत्ता डोळा लागला तिचा, उद्या या. दुसऱ्या दिवशी तू कोणाला ओळखत नव्हतीस. तुला माझ्याकडून शाबासकी नको होती, ताई. सगळं शहर तुला चुकलीस म्हणत होतं, ते ऐकून तुला काही नवीन कळणार नव्हतं. ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, कारण माझ्या तोंडून त्याचा अर्थ वेगळा झाला असता. मी "चुकलीस" म्हटलं असतं, तर तुला कळलं असतं की मला कळलं आहे. तू एवढंच मागत होतीस, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होतीस, आणि मी तुला डाव बरोबर होता असं सांगून पाठवलं. माझ्यासाठी तू जे केलंस ते ह्या जगात एकीलाही दिसलं नाही, असं समजून तू गेलीस.

म्हणून तू विचारलंस त्याचं उत्तर आज देते, आणि हेच उत्तर येत्या रविवारी नानाजींना आणि आपल्या पोरींना देणार आहे, मग बाबांच्या वाक्याचं काय व्हायचं ते होवो. चुकली होतीस, कुंदाताई. साफ चुकली होतीस. त्या चुकीचं आमचं घरदार आजवर खातं आहे.